पदार्थविज्ञान एकट्याने शिकायचे नसते

धामणगाव नावाची गावे वऱ्हाडात एकाहून अधिक आहेत; म्हणून या गावाच्या नावापुढे ‘रेल्वे’ हा शब्द लावण्याचा प्रघात पडला. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग नागपूरला पोचला आणि त्या मार्गावरचे हे ठिकाण कापसाच्या व्यापाराने वाढत गेले. ज्या गावाच्या नावातच एक यंत्र येऊन बसले आहे, त्या गावच्या मुलांना पदार्थविज्ञान परके वाटावे, ही गोष्ट मला पुष्कळ दिवस अस्वस्थ करीत आली आहे.

गेल्या उन्हाळ्यात बडनेऱ्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत असता ओळखीच्या एका शेतकऱ्याचा मुलगा फलाटावर भेटला. दहावीला मराठी माध्यमातून त्याला विज्ञानात चांगले गुण होते. अकरावीला त्याने विज्ञान शाखा घेतली आणि वर्षाअखेरीस पदार्थविज्ञानात तो कसाबसा काठावर लागला. आता शाखा बदलून मिळेल काय, याची चौकशी करण्यासाठी तो अमरावतीला निघाला होता. मी विचारले, “नेमके अडते कुठे?” तो म्हणाला, “काका, सूत्रात आकडे टाकता येतात. पन सवाल काय इचारून राह्यला, तेच समजत नाही.”

मला वाटते, आपल्या दुखण्याचे इतके अचूक निदान फार थोडे रोगी करू शकतात. हा मुलगा मंद नाही, आळशी तर नाहीच. आपले आकलन नेमके कोणत्या पायरीवर थांबते, हे त्याला ठाऊक आहे. तरीही त्याला आजवर मिळालेला सल्ला काय होता? ‘रोज दोन तास जास्त बस.’ ‘सूत्रे पाठ करून टाक.’ ‘अकोल्याला किंवा नागपूरला क्लास लाव.’ आणि शेवटी, ‘विज्ञान हे काही सर्वांचे काम नव्हे, आर्ट्सला जा.’ हे चारही सल्ले वरवर निरनिराळे दिसतात; परंतु त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. अपयश या मुलाचे एकट्याचे आहे, आणि त्यावरचा उपायही त्याने एकट्याने, नाही तर बापाच्या खिशातून, करावयाचा आहे, ही ती समजूत होय.

माझे म्हणणे याच्या उलट आहे. पदार्थविज्ञान अवघड जाण्याची बहुतेक कारणे सामाजिक आहेत, आणि म्हणून त्याच्या अभ्यासाची रीतही सामाजिकच असली पाहिजे. अर्थात समाज बदलेपर्यंत बारावीची परीक्षा थांबत नाही. म्हणून या लेखात मी विद्यार्थ्याला काही व्यवहार्य सूचना करणार आहे. आणि त्या सूचनांची मर्यादा जेथे येते, तेथून पुढे समाजाचे देणे काय, तेही सांगणार आहे.

भाषेची वेस

पहिली अडचण भाषेची. दहावीपर्यंत ज्या मुलाने बल, वेग, त्वरण, ऊर्जा हे शब्द ऐकले, त्याला अकरावीच्या पहिल्याच दिवशी फोर्स, व्हेलॉसिटी, ॲक्सिलरेशन यांच्या गर्दीत उभे केले जाते. शब्द बदलतात, वाक्यांची ठेवण बदलते, आणि त्याच वर्षी सदिश राशी व कलन हे नवे गणितही समोर येऊन ठाकते. तीन नव्या गोष्टी एकाच वेळी शिकाव्या लागतात. न कळण्याचे खापर मात्र एकट्या पदार्थविज्ञानावर फुटते.

परंतु ही अडचण केवळ इंग्रजीची आहे, असे मानणे चूक ठरेल. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. व्ही. जी. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली या केंद्राने महापालिकेच्या शाळांतील गरीब मुलांमध्ये काम केले, तेव्हा भाषा हाच विज्ञान शिकण्याच्या वाटेतला एक मोठा अडसर असल्याचे दिसून आले. पाठ्यपुस्तक मातृभाषेत असले तरी त्यातली मराठी मुलांच्या तोंडच्या मराठीपासून फार दूर असू शकते. आशय तोच ठेवून भाषा सोपी केली की आकलन सुधारते, हा त्या कामाचा धडा आहे. ज्यांच्या घरी पुस्तकी भाषा बोलली जाते त्यांना हा अडसर जाणवतही नाही. आणि मग ते आपल्या सोयीला आपली बुद्धी समजू लागतात.

‘कार्य’ हा एकच शब्द घ्या. पन्नास किलोचे पोते डोक्यावर घेऊन हमाल फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घाम गाळीत जातो, आणि पुस्तक सांगते की गुरुत्वाकर्षणाविरुद्ध त्याने केलेले कार्य शून्य! ज्याच्या घरात कोणी हमाली केली आहे, त्या मुलाला हे वाक्य खोटेच नव्हे तर अपमानाचे वाटले, तर त्यात नवल नाही. त्याला कोणीतरी शांतपणे सांगावयास हवे की, पदार्थविज्ञानाने व्यवहारातला एक शब्द उसना घेतला आणि त्याला अगदी अरुंद अर्थ दिला: बल, आणि बलाच्या दिशेने झालेले विस्थापन, यांचा गुणाकार. डोक्याने पोत्याला दिलेला आधार वरच्या दिशेला, चालणे आडवे. म्हणून गुणाकार शून्य. तेच पोते जमिनीवरून दीड मीटर उंच उचलताना मात्र पुस्तकाच्या अर्थानेही सुमारे ७३५ जूल कार्य झालेले असते. चालताना हमालाच्या स्नायूंत जी ऊर्जा खर्च होते, ती खरीच आहे. तिचा हिशेब त्याच्या तापलेल्या शरीरात आणि धापांत सापडतो, पोत्याच्या उंचीत सापडत नाही. एवढे स्पष्टीकरण ज्याला मिळाले, तो ती व्याख्या पुन्हा विसरणार नाही. ज्याला मिळाले नाही, तो ती पाठ करील आणि मनातून पदार्थविज्ञानावरचा विश्वास गमावून बसेल.

म्हणून पहिली सूचना अशी. प्रत्येक प्रकरणासाठी दोन रकान्यांची वही करावी. डाव्या रकान्यात पुस्तकातील व्याख्या किंवा नियम इंग्रजीत जसाच्या तसा लिहावा. उजव्या रकान्यात तोच नियम आपल्या भाषेत, घरच्या माणसाला सांगावा तसा, लिहावा. ती भाषा वऱ्हाडी असली तरी बिघडत नाही. उलट तशीच असावी. जे वाक्य उजव्या रकान्यात उतरत नाही, ते आपल्याला कळलेले नाही असे समजावे आणि त्याच्यापुढे खूण करावी. या खुणा म्हणजेच शिक्षकांना विचारावयाचे प्रश्न होत. ‘मला काहीच समजत नाही’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला कोणीही मदत करू शकत नाही. ‘या सात ओळी समजत नाहीत’ असे म्हणणाऱ्याला करता येते.

इंग्रजीला विरोध करण्याचा हा पवित्रा नव्हे. पुढचे ग्रंथ इंग्रजीत आहेत, आणि ती वेस ओलांडणे भाग आहे. परंतु वेस ओलांडणाऱ्याने आपले घर पाडूनच निघाले पाहिजे, असे कोठे आहे? ज्यांच्या नावावरून विश्वातील मूलकणांच्या एका संपूर्ण वर्गाला ‘बोसॉन’ म्हणतात, त्या सत्येंद्रनाथ बोस यांनी १९४८ साली बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली, ती विज्ञान बंगालीतून सांगता यावे म्हणून. मातृभाषेत विचार करणे हे कच्चेपणाचे लक्षण असते, तर त्यांनी ती खटपट केली नसती.

बैलगाडी आणि ॲरिस्टॉटल

दुसरी अडचण अधिक खोल आहे. शेतकऱ्याच्या मुलाने लहानपणापासून पाहिलेले असते की, बैल थांबले की गाडी थांबते. यावरून त्याने मनाशी बांधलेला नियम असा: गती हवी तर सतत ओढत राहिले पाहिजे. न्यूटनचा पहिला नियम याच्या अगदी विरुद्ध बोलतो. आता विद्यार्थी काय करतो? परीक्षेपुरता न्यूटन पाठ करतो आणि मनात बैलगाडी तशीच ठेवतो. सोपे गणित आले तर न्यूटन धावून येतो. जरा वळणाचा प्रश्न आला की बैलगाडी पुढे येते आणि उत्तर चुकते.

या मुलाला ढ म्हणण्याआधी हे लक्षात घ्यावे की, त्याचे मत ते ॲरिस्टॉटलचेही मत होते, आणि शहाणी माणसे जवळजवळ दोन हजार वर्षे ते मानीत आली. गॅलिलिओने त्याला धक्का दिला आणि १६८७ साली न्यूटनच्या ग्रंथाने ते मोडीत काढले. ही केवळ आपल्याकडच्या मुलांची गोष्ट नव्हे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठात हलौन आणि हेस्टेनीस यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की, महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचा पूर्ण अभ्यासक्रम शिकल्यानंतरही विद्यार्थ्यांच्या मनातील अशा समजुती फारशा हलत नाहीत. बैलगाडीचे निरीक्षण खोटे नव्हते. त्यात चाकाच्या आसाचे आणि रस्त्याचे घर्षण हिशेबात धरलेले नव्हते, एवढेच.

तेव्हा दुसरी सूचना: प्रकरण उघडण्यापूर्वी त्या विषयाबद्दल आपल्याला काय वाटते, ते चार ओळींत प्रामाणिकपणे लिहावे. जड दगड आधी पडेल की हलका? वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच बिंदूवर असताना त्याच्यावर बल असते की नसते? प्रकरण संपल्यावर त्या ओळींकडे परत यावे आणि आपले मत व पुस्तकाचे मत यांत नेमका फरक कोठे पडला, ते शोधावे. जुनी समजूत लपवून ठेवली तर ती आत जिवंत राहते. ती कागदावर काढली तरच तिच्याशी वाद घालता येतो.

उदाहरणे सोडविण्यासाठीही हीच सावकाश रीत उपयोगी पडते. वाचल्याबरोबर सूत्र शोधू नये. आधी चित्र काढावे. दिलेल्या राशी त्यांच्या एककांसह लिहाव्या. काय विचारले आहे ते आपल्या शब्दांत एका ओळीत लिहावे. आणि उत्तर साधारण किती यावे याचा अंदाज बांधून मगच आकडेमोड करावी. बैलगाडीचा वेग सेकंदाला तीनशे मीटर आला, तर सूत्र चुकले की एकक, हे तपासण्याची बुद्धी अंदाज बांधणाऱ्यालाच होते. फलाटावरच्या त्या मुलाची अडचण सूत्राच्या अलीकडची होती; आणि आपण त्याला सूत्राच्या पलीकडचा सराव देत बसलो आहोत.

गाव हीच प्रयोगशाळा

तिसरी अडचण हातांची. बारावीच्या पदार्थविज्ञानात लेखी परीक्षेला ७० आणि प्रात्यक्षिकाला ३० गुण असतात. हे ३० गुण प्रयोग न करताच पदरात पडतात अशी ज्यांची खात्री असते, ते विद्यार्थी वर्षभर प्रयोगशाळेकडे फिरकत नाहीत; आणि त्यांना कोणी हटकीतही नाही. गुण मिळतात, हात मात्र अडाणी राहतात.

येथून तासाभराच्या अंतरावर वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली. हाताने केलेल्या उपयुक्त कामातून शिक्षण व्हावे, हा नई तालीमचा विचार तेथे मांडला गेला आणि झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा तयार केला. आपण त्या विचाराची पूजा केली आणि तो शाळेबाहेर ठेवला. परंतु पदार्थविज्ञान न कळणाऱ्या मुलाला त्याचा उपयोग आजही आहे. कारण धामणगावासारख्या गावी यंत्रे आणि अवजारे पुस्तकापेक्षा लवकर हाताशी येतात.

रेल्वेचेच पाहा. पूर्वी तेरा मीटर लांबीच्या रुळांच्या जोडांत फट ठेवीत. पोलाद दर अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे ०.००००१२ पट वाढते. हिवाळ्याच्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत रुळाचे तापमान पन्नास अंशांनी चढले, तर तेरा मीटरचा रूळ जवळजवळ ८ मिलिमीटर वाढेल. हे गणित वहीत करून पाहावे. मग पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: आजचे रूळ सलग जोडलेले असतात, फटी राहिलेल्या नाहीत, मग ती वाढ जाते कोठे? रूळ स्लीपरांना घट्ट जखडलेले असल्याने त्यांना वाढता येत नाही आणि त्यांच्यात प्रतिबल साठते, हे उत्तर शोधता शोधता विद्यार्थी उष्णतेच्या प्रकरणातून स्थितिस्थापकत्वाच्या प्रकरणात शिरलेला असतो.

न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा ऐकावा. गाडी जवळ येताना स्वर चढा असतो आणि समोरून निघून जाताच तो उतरतो. गाडी ताशी ११० किलोमीटर वेगाने जात असेल आणि उन्हाळ्यातील हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५५ मीटर धरला, तर येतानाच्या आणि जातानाच्या कंपनसंख्यांचे गुणोत्तर १.१९ च्या आसपास येते. हार्मोनियमवर षड्ज आणि कोमल गंधार यांतले अंतर साधारण एवढेच. म्हणजे डॉप्लरचा परिणाम कानाने मोजता येतो! भजनी मंडळात पेटी वाजविणाऱ्या मुलाला हे आधी कळेल, आणि वर्गातल्या पहिल्या क्रमांकाला त्याच्याकडून शिकावे लागेल.

विहिरीवरची मोटार घ्या. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की शेतकरी मोटारही विहिरीत खाली उतरवतो. का? कारण पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो, परंतु पाण्याला वर ढकलणारा असतो तो हवेचा दाब, आणि तो सुमारे दहा मीटरपलीकडे ढकलू शकत नाही. व्यवहारात तर सात-आठ मीटरलाच मर्यादा येते. सतराव्या शतकात टोरिचेलीला ज्या प्रश्नाने विचार करावयास लावले, तो प्रश्न आपल्या मुलांच्या शेतात दर वर्षी उभा राहतो. घरचा कूलर मे महिन्यात खोली थंड करतो आणि जुलैत नुसता ओलावा पसरवतो, यात बाष्पीभवनाची अप्रकट उष्णता आणि आर्द्रता ही दोन्ही आली. जिनिंग-प्रेसिंगमध्ये १७० किलोची रुईची गाठ आवळणारा दाबयंत्राचा दट्ट्या पाहिला की पास्कलचा नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

म्हणून तिसरी सूचना: प्रत्येक प्रकरणामागे गावातली एक वस्तू शोधावी, तिचे निदान एक माप घ्यावे आणि त्या मापावर स्वतः एक उदाहरण तयार करावे. जो उदाहरण तयार करू शकतो, त्याला परीक्षकाचे उदाहरण वाचता येते.

आठवण आणि पाठांतर

पाठांतराला सरसकट नावे ठेवणेही बरोबर नाही. एकके, व्याख्या, काही मोजकी सूत्रे तोंडी असलीच पाहिजेत. प्रश्न आहे तो रीतीचा. पुस्तक उघडे ठेवून तेच पान पुन्हा पुन्हा वाचणे, ही आपल्याकडची रूढ पद्धत. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, पाच मिनिटांनी विचारले तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे असतात; परंतु आठवड्यानंतर विचारले, तर पुस्तक मिटून आठवण्याचा सराव करणारे पुढे जातात. तेव्हा पान वाचावे, पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे आणि मगच पडताळावे. तेच प्रकरण दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने असेच आठवावे. यासाठी पैसा लागत नाही. पाठकोरे कागद पुरतात.

नुसती ओळ पाठ असण्याने काय होते, ते २०२४ च्या ‘नीट’ परीक्षेने दाखवले. अणूविषयीच्या एका प्रश्नाला जुन्या पाठ्यपुस्तकातील एका ओळीप्रमाणे एक उत्तर येत होते आणि नव्याप्रमाणे दुसरे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, दिल्लीच्या आय.आय.टी.तील तज्ज्ञांचे मत घेण्यात आले. एकच उत्तर बरोबर ठरले आणि चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे प्रत्येकी पाच गुण गेले. सर्व मूलद्रव्यांचे अणू स्थिर असतात, असे जुनी ओळ सांगत होती. किरणोत्सारी मूलद्रव्ये याच जगात आहेत, एवढे ज्याला थांबून आठवले असते, त्याला ती ओळ खटकली असती. मुलांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांना ओळीवर विश्वास ठेवावयास आपणच शिकवले.

पाच जणांची बैठक

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. पदार्थविज्ञान एकट्याने शिकू नये.

मायकेल फॅरडे हा लंडनच्या एका लोहाराचा मुलगा. शाळा जेमतेम; पोटासाठी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी. १८१० पासून तो जॉन टेटम यांच्या घरी होणाऱ्या विज्ञानाच्या व्याख्यानांना जाऊ लागला. त्यासाठी लागणारा शिलिंग त्याचा लोहारकाम करणारा भाऊ देई. तेथे जमणाऱ्या तरुणांच्या मंडळात तो ऐके, टिपणे काढी, स्वतः बोलण्याचा सराव करी. पुढे १८३१ साली विद्युतचुंबकीय प्रवर्तन शोधून ज्याने आजच्या बहुतेक वीजनिर्मितीचा पाया घातला, तो फॅरडे असा मंडळात घडला. एकांतातल्या प्रतिभावंताची कथा आपल्याला फार आवडते. तीमधून तो भावाचा शिलिंग आणि ती बैठक नेहमी गळून पडते.

दुसरे उदाहरण गणिताचे आहे. पण आपल्या प्रश्नाला ते तंतोतंत लागू पडते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत यूरी ट्राइसमन या तरुण अध्यापकाला दिसले की, कलनाच्या वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होतात आणि चिनी वंशाचे विद्यार्थी चांगले उत्तीर्ण होतात. प्राध्यापकांना कारण विचारले, तर त्यांनी तीच उत्तरे दिली जी आपणही देतो: इच्छा नाही, पाया कच्चा, घरचे वातावरण नाही. ट्राइसमनने दोन्ही गटांतील वीस-वीस विद्यार्थ्यांसोबत राहून पाहिले. कृष्णवर्णीय विद्यार्थी मेहनती होते. पण ते एकटे अभ्यास करीत, आणि अडले की दोष आपलाच मानून गप्प बसत. चिनी विद्यार्थी आधी एकटे आणि मग एकत्र बसून उत्तरे ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढीत. मग त्याने मिश्र गट बांधले. त्यांना ‘कच्च्यांचा जादा वर्ग’ असे नाव दिले नाही. सोप्या उदाहरणांऐवजी कठीण उदाहरणे दिली. निकाल पालटला.

धामणगावात हे अशक्य का असावे? चार-पाच विद्यार्थ्यांनी आठवड्यातून दोनदा, दीड तास, ठरल्या वेळी बसावे. येण्याआधी प्रत्येकाने तीच तीन उदाहरणे एकट्याने सोडवून पाहिलेली असावी. रिकाम्या हाताने येणाऱ्याने गट बुडतो. बैठकीत ज्याला कळलेले नाही त्याने प्रथम बोलावे. हुशार मुलाला प्रथम बोलू दिले तर बाकीचे नुसते माना हलवतात. एकाने फळ्यावर सोडवावे आणि प्रत्येक पायरीला दुसऱ्याने ‘का?’ असे विचारावे. शेवटच्या दहा मिनिटांत न सुटलेले प्रश्न एका कागदावर लिहून, तो कागद दुसऱ्या दिवशी सर्वांच्या वतीने शिक्षकांपुढे ठेवावा. एकट्या मुलाला शिक्षकापुढे उभे राहण्याचा संकोच वाटतो. पाच जणांच्या कागदाला तो वाटत नाही. आणि ज्याला परवाच कळले, तो पुष्कळदा शिक्षकापेक्षाही चांगले समजावून सांगतो. कारण आपण कोठे अडलो होतो, ते त्याच्या ताजे ध्यानात असते.

यात मुलींचा विचार आधी झाला पाहिजे. आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने येणारी मुलगी संध्याकाळी सातच्या बैठकीला थांबू शकत नाही. म्हणून बैठकीची वेळ शेवटच्या गाडीच्या वेळापत्रकावरून ठरवावी, आणि जागा कोणाच्या माडीवरची खोली नसून शाळेचा वर्ग किंवा वाचनालयाची पडवी असावी. अन्यथा आपण ज्याला मंडळ म्हणू, ते पुन्हा गावातल्या सुखवस्तू मुलांचेच होईल.

समाजाचे देणे

येथे विद्यार्थ्याला करावयाच्या सूचना संपतात, आणि आपल्याला करावयाच्या सूचना सुरू होतात. शाळा-महाविद्यालयांनी तास संपल्यावर एक वर्ग आणि प्रयोगशाळेचे दार उघडे ठेवावे; त्यासाठी लागणारी वीज आणि एक मनुष्य हा खर्च फार मोठा नाही. रिकाम्या जागा भरल्या पाहिजेत; तासिका तत्त्वावर, पोटाला न पुरणाऱ्या मानधनात एका गावाहून दुसऱ्या गावी धावणाऱ्या प्राध्यापकाने पाच जणांचा कागद केव्हा वाचावा? अकरावीच्या पहिल्या दोन महिन्यांत मराठी आणि इंग्रजी दोन्ही संज्ञा शेजारी शेजारी ठेवून शिकविण्याची रीत पडली पाहिजे. आणि नाव एका महाविद्यालयात, अभ्यास दूरच्या खाजगी क्लासमध्ये, ही जी दुहेरी व्यवस्था रूढ झाली आहे, ती केवळ हजेरीची यंत्रे बसवून मोडणार नाही. राज्य शासनाने २०१८ साली विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. परंतु वर्गात शिकण्यासारखे काही घडत असेल, तरच अंगठा उमटवलेला मुलगा मनानेही तेथे राहील.

कोणी म्हणेल, सर्वांनीच पदार्थविज्ञान कशाला शिकावे? हा आक्षेप रास्त आहे. इतिहासाची, साहित्याची ओढ असल्याने जो विज्ञान सोडतो, त्याचे मी स्वागतच करीन. कला शाखा ही नापासांची धर्मशाळा नव्हे. परंतु आवड नाही म्हणून सोडणे वेगळे आणि प्रश्नाची भाषा कळली नाही म्हणून सोडणे वेगळे. पहिली निवड आहे, दुसरी हकालपट्टी. आणि ही हकालपट्टी कोणाची होते, हे पाहिले, तर कोरडवाहू शेतकऱ्याची, हमालाची, जिनिंगमधल्या मजुराची मुले रांगेत पुढे दिसतात. जो समाज विजेच्या आणि यंत्रांच्या जोरावर चालतो, त्यात त्यांचे शास्त्र ज्यांना कळते ते हुकूम देतात आणि बाकीचे पाळतात. म्हणून अकरावीच्या वर्गातले हे न कळणे मला खाजगी दुःख वाटत नाही.

त्या दिवशी मी त्या मुलाला एवढेच म्हणालो, की दाखला काढण्याआधी आपल्यासारखे आणखी चार जण शोध. गाडी आली आणि तो गेला. पावसाळ्यात पुन्हा भेटला तेव्हा कळले, दाखला अजून महाविद्यालयातच आहे आणि रविवारी चौघे एका ओट्यावर बसतात. त्यांत एकजण भजनात पेटी वाजवतो. ते पुढच्या वर्षी उत्तीर्ण होतील की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण निघताना तो म्हणाला, “काका, आता निदान सवाल काय इचारते, यावर आमचे भांडन होते.” पदार्थविज्ञानाचा अभ्यास येथूनच सुरू होतो, त्या ओट्यावर दिवा आणि फळा आणून देण्याचे काम आता आपले आहे.